हात हलवत परतलेला शिकारी

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरीण मारण्याचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो. थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. त्याच्या आधीच्या शनिवारी पहाटे हंगाम उघडतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. गेल्या काही वर्षांत या नऊ दिवसांसाठी दरसाल साडेपाच लाखांच्या आसपास लोक परवाना घेत आले आहेत. मारल्या गेलेल्या हरणांचा आकडा मात्र साधारण एक लाख साठ हजार ते दोन लाख दहा हजार यांच्या दरम्यान राहिला आहे. त्यातही एकाच शिकाऱ्याने दोन-तीन हरणे मारलेली असतात. ढोबळ मानाने पाहिले तर तिघांपैकी दोघे हात हलवत घरी परततात. तिसऱ्याचा, हरणाची शिंगे धरून उभा असलेला, फोटो गावच्या वर्तमानपत्रात येतो. हा लेख उरलेल्या दोघांविषयी आहे.

शिकारीला जाणारे बहुतेक जण एकटे नसतात. रानाच्या कडेला एखादी लाकडी खोली, मधोमध शेगडी, भिंतीला जुनी शिंगे, आणि वर्षानुवर्षे तीच माणसे, असा त्यांचा ‘डिअर कॅम्प’ असतो. शेवटच्या रात्री सामान आवरताना तिथे दोन मते समोरासमोर येतात. एक मत शिकारीचे मोल मांसाने करते; त्याला येथे ‘हिशेबी’ म्हटले आहे. दुसऱ्याला शिकारीला जाणे हेच पुरेसे वाटते, तो ‘हौशी’. ही दोन्ही कोणी विशिष्ट माणसे नाहीत. पण जिथे ही दोन मते एका टेबलाशी बसत नाहीत, असा कॅम्प सापडणे कठीण.

हिशेबी : नऊ दिवस गेले, रजा गेली, पेट्रोल जळलं, आणि फ्रीझर रिकामा. याला तोटा नाही तर काय म्हणायचं?

हौशी : मांसच हवं होतं तर खाटकाकडे जायचंस. स्वस्तात पडलं असतं, पायही गारठले नसते.

हिशेबी : खाटकाकडचं आणि हे एक नाही. चांगला नर मिळाला तर आतडी काढून सत्तर किलोच्या आसपास भरतो. हाडं काढली की तीसेक किलो मांस उरतं. कीमा, सॉसेज, जर्की. चार माणसांच्या घराला हिवाळा निघतो. ते जनावर कधी कोंडलेलं नसतं, त्याला इंजेक्शनं दिलेली नसतात. माझ्या लेखी शिकार म्हणजे हे. बाकी सगळी सहल.

हौशी : जिथं मिळण्याची खात्री असते तिथं शिकार नसते, तिथं कत्तलखाना असतो. हरणाला निसटायला वाव आहे म्हणून तर इथं यायचं.

हिशेबी : कोल्ह्याला द्राक्षं आंबट! पहिल्याच सकाळी आठ टोकांच्या शिंगांचा नर समोर आला असता, तर हे तत्त्वज्ञान सुचलं असतं का तुला?

हा टोला अगदीच वाया गेलेला नाही. हौशीच्या बाजूने सर्वांत नेटकी मांडणी स्पॅनिश तत्त्वज्ञ होसे ओर्तेगा इ गासेत याने १९४२ मध्ये केली. त्याच्या मते माणूस जनावरापेक्षा फार बलवान झाला आहे, म्हणून तो स्वतःवर बंधने घालून घेतो आणि जनावराला सुटण्याची संधी मुद्दाम ठेवतो; ती संधी काढून घेतली की शिकार संपते. पण त्याच मांडणीचा दुसरा अर्धा भाग असा, की प्राण घेण्याचा खरा इरादा नसेल तर तीही शिकार नव्हे; कॅमेरा घेऊन फिरणे हा वेगळा उद्योग आहे. हौशी मंडळी पहिला अर्धा भाग आवडीने सांगतात आणि दुसरा सोयीस्करपणे विसरतात.

स्वतःवर घातलेली बंधने विस्कॉन्सिनच्या कायद्यात जागोजागी दिसतात. रात्री बार काढता येत नाही. गाडीतून नेम धरता येत नाही. शिंगे तीन इंचांहून आखूड असतील तर ते जनावर ‘नर’ म्हणून मोजले जात नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते. १९८० पासून बंदुकीच्या हंगामात कमरेवरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी असावे लागतात. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. हा रंग माणसांनी माणसांना ओळखावे म्हणून आहे. हरणाच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे रंगामुळे हरीण बिचकले ही तक्रार टिकत नाही. हललेला हात मात्र त्याला लगेच दिसतो.

मग हरीण दिसत का नाही? पहिले कारण नाक. पांढऱ्या शेपटीचे हरीण, म्हणजे व्हाइटटेल, डोळ्यांपेक्षा कानांवर आणि कानांपेक्षा नाकावर विश्वास ठेवते. मुरब्बी शिकारी मचाणावर चढण्याआधी वारा कुठून येतो ते पाहतो. हरीण येण्याची वाट वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि आपण खालच्या अंगाला, अशी जागा तो धरतो. वारा फिरला तर ती जागा फुकट गेली. शिकाऱ्याला हरीण नीट दिसतही नाही. रानात कुठेतरी एक जोरदार फुत्कार ऐकू येतो, एक पांढरी शेपटी वर उठते, झाडांमधून दोन-तीनदा चमकते आणि विरून जाते. त्या दिवशी पुष्कळांना हरणाचे एवढेच दर्शन होते.

दुसरे कारण माणसांची गर्दी. नऊ दिवसांतली जवळजवळ निम्मी हरणे पहिल्या शनिवार-रविवारीच मारली जातात. त्या पहाटे लाखो माणसे एकाच वेळी रानात शिरतात. हरणे उठतात, धावतात, एकाच्या टप्प्यातून दुसऱ्याच्या टप्प्यात जातात. सोमवारपर्यंत जी उरली ती शहाणी झालेली असतात. दिवसा ती दलदलीत किंवा सूचिपर्णी झाडांच्या दाटीत बसून राहतात आणि अंधार पडल्यावरच बाहेर येतात. अशा वेळी मचाण उपयोगी पडत नाही, हाका घालावा लागतो: काहींनी रान झोडपत यायचे आणि काहींनी पुढच्या नाक्यांवर दबा धरायचा. सप्ताहाच्या मध्यावर कॅम्पवर माणसेच उरली नाहीत, तर हाकाही घालता येत नाही. दक्षिणेकडच्या शेतीच्या भागात आणखी एक अडचण असते. पावसाने मक्याची कापणी लांबली, की डोक्याएवढ्या उभ्या मक्यात हरणांना आयता लपायला जागा मिळते, खाणेही तिथेच.

तिसरे कारण पंचांगाचे, आणि ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्या अक्षांशावर हरणांचा माज नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन भरात असतो. तेव्हा नर मादीच्या मागावर नाक जमिनीला लावून भर दिवसा फिरतो आणि सावधपणा विसरतो. बंदुकीचा हंगाम त्या काळाच्या शेवटी उघडतो. किती शेवटी, हे थँक्सगिव्हिंगचा गुरुवार कोणत्या तारखेला येतो त्यावर ठरते. २०१८ मध्ये हंगाम १७ नोव्हेंबरला उघडला, म्हणजे जितक्या लवकर उघडू शकतो तितक्या लवकर. त्या वर्षी दोन लाख अकरा हजारांच्या आसपास हरणे मारली गेली. २०१९ मध्ये तो २३ नोव्हेंबरला, सर्वांत उशिराच्या तारखेला उघडला. आकडा एक लाख साठ हजारांवर आला. हरणे एका वर्षात एवढी आटली नव्हती.

हौशी : बघ! पन्नास हजार हरणं केवळ तारखेनं वाचवली. आणि तू स्वतःला दोष देत बसलास.

हिशेबी : तारखेच्या नावानं सगळं खपवू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं. एकोणीस साली ज्या एक लाख साठ हजार हरणांवर नेम लागला, तो काय वेगळ्या पंचांगात लागला? मंगळवारी तू मचाणावर बसून थर्मासचं झाकण उघडलंस, तो आवाज मला खालच्या ओढ्यापर्यंत आला.

हौशी : आणि बुधवारी तुझा बार गेला तो? चाळीस पावलांवर मादी उभी होती.

हिशेबी : फांदी आली मधे.

हौशी : सगळ्यांच्याच मधे येते ती फांदी.

नेम चुकल्याबद्दल अनेक कॅम्पांवर एक जुनी शिक्षा आहे. ज्याचा बार फुकट गेला त्याच्या सदऱ्याचा मागचा खालचा पट्टा कात्रीने कापतात, त्यावर नाव आणि साल लिहितात आणि भिंतीला खिळ्याने ठोकतात. जुन्या खोल्यांमध्ये चौकडीच्या लोकरी कापडाचे असे तुकडे शिंगांच्या शेजारी टांगलेले दिसतात. शिंगांखाली सहसा एखाददुसरेच नाव असते. तुकड्यांवर मात्र बापाचे, मुलाचे आणि नातवाचेही सापडते. वापर न झालेल्या परवान्याचे ‘सूप करून पिण्याचा’ विनोदही दरवर्षी होतोच.

इथपर्यंतचा वाद खेळीमेळीचा आहे. पण रिकाम्या हाताचा एक प्रकार असा आहे की त्यावर विनोद होत नाही.

हिशेबी : फांदी आली हे खरं. पण बार फुकट गेला की नाही, हे मला माहीत नाही.

हौशी : म्हणजे?

हिशेबी : ती पळाली तेव्हा पाठ वाकवून पळाली. जागेवर केस सापडले, रक्त नाही. अर्धा तास थांबलो, मग माग काढला. दलदलीच्या कडेला एक थेंब, पुढे काही नाही.

जखमी हरणाचा माग काढणे ही शिकारीतली सर्वांत कठीण विद्या आहे, आणि हंगामापूर्वी नेमबाजीचा सराव करणारे पुष्कळ जण तिचा सराव कधीच करत नाहीत. आधी पाहायचे ते बार लागला त्या जागेवरचे केस आणि रक्त. फेसाळ, गुलाबी, बुडबुडे असलेले रक्त म्हणजे गोळी फुप्फुसात. असे हरीण बहुधा शंभर-दीडशे पावलांत पडते. काळपट दाट रक्त म्हणजे यकृत. रक्तात हिरवट चोथा आणि आंबूस वास असेल तर गोळी पोटात गेली आहे. तेव्हा लगेच मागे धावणे ही सर्वांत मोठी चूक असते. हाकलले नाही तर हरीण जवळपासच बसते, हाकलले तर मैलभर जाऊन कुठेतरी मरते. सहा-आठ तास थांबावे लागते. या कामासाठी विस्कॉन्सिनमध्ये पट्ट्याला बांधलेला कुत्रा नेण्याची मुभा आहे. तरीही काही हरणे सापडत नाहीत. ज्याच्या गोळीने असे हरीण रानात पडले तो कागदावर हरीण न मिळालेला शिकारी असतो. पाऊस झाला, माग पुसला गेला, आणि तो रिकामा हात घेऊन घरी आला. त्याचा हात रिकामा आहे, स्वच्छ नाही.

शिकारच नको म्हणणाऱ्या तिसऱ्या पक्षाचा सर्वांत धारदार मुद्दा हाच आहे. हिशेबीला मांसासाठी दुकान आहे. हौशीला रानासाठी दुर्बीण आहे. मग या जखमी मादीने कशाची किंमत मोजली? अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मॅट कार्टमिल यांनी १९९३ च्या ‘अ व्ह्यू टू अ डेथ इन द मॉर्निंग’ या पुस्तकात शिकारीच्या कल्पनेचा इतिहास तपासला. माणूस शिकारीमुळेच माणूस झाला, या लाडक्या समजुतीला शास्त्राचा आधार किती तोकडा आहे, हेही त्यांनी दाखवले. हौशीकडे या प्रश्नाला पुरते उत्तर नाही. ‘लांडग्याच्या तोंडचे किंवा उपासमारीचे मरण गोळीपेक्षा वाईट’ एवढे तो म्हणू शकतो आणि ते खरेही आहे. पण त्याने पोटात गोळी लागलेल्या मादीचा हिशेब चुकता होत नाही. फार तर एवढे म्हणता येते, की शंका असताना बार न काढणारा आणि म्हणून हरीण न घेता परतलेला शिकारी या प्रश्नासमोर सर्वांत ताठ मानेने उभा राहू शकतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘शिकारीचा हंगाम’ हे शब्दच खटकतील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी येथेही वनखाते शिकारीसाठी रानाचे गट नेमून परवाने देत असे. आता हरीण मारणे गुन्हा आहे. वन्यप्राणी संपत चालल्याच्या त्याच संकटावर अमेरिकेने उलटा उपाय केला. १९०० च्या सुमारास, बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार शिकारीमुळे, साऱ्या देशात व्हाइटटेल पाच लाखांच्या आत उरली होती असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. हे शिकार थांबवून झाले नाही, तिला हंगाम, परवाना आणि मर्यादा लावून झाले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. प्रत्येक राज्याचा वाटा त्याचे क्षेत्रफळ आणि परवानाधारकांची संख्या यांवर ठरतो. या व्यवस्थेत मेलेल्या हरणांची संख्या कुठे येत नाही. हरीण मिळो न मिळो, परवाना घेणारा माणूस मोजला जातो.

हौशी : म्हणजे माझ्यासारख्या रिकाम्या हातांवरच हे सगळं चाललंय. साडेपाच लाखांनी पैसे भरायचे आणि साडेपाच लाखांना हरीण मिळालं तर पुढच्या वर्षी काय शिल्लक राहील?

हिशेबी : पटलं. पण हे कुठलं गणित आहे ते बघ. तुझ्या आजोबांच्या काळातलं.

हिशेबी येथे बरोबर आहे, आणि मुद्दा जरा विस्ताराने पाहण्यासारखा आहे. हरणे संपत आली तेव्हा विस्कॉन्सिनने १९१५ मध्ये फक्त एक नर मारण्याचा नियम केला. मादी राखली की कळप वाढतो, हे साधे शेतकऱ्याचे शहाणपण होते आणि ते लागू पडले. पण नियमाची नीती झाली. मादी मारणे म्हणजे पाप, मादी सोडून रिकाम्या हाताने येणारा तो खरा शिकारी, असे दोन पिढ्यांना शिकवले गेले. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या रानात हरणे इतकी झाली, की हिवाळ्यात जिथे ती गोळा होत तिथल्या झाडांचा पाला तोंड पोहोचेल तिथपर्यंत संपला आणि पाडसे उपाशी मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे आल्डो लिओपोल्ड तेव्हा म्हणाले, माद्याही मारा. स्वतः शिकारी असलेला हा माणूस १९४३ मध्ये राज्याच्या संवर्धन आयोगावर आला, त्याच वर्षी मादीची शिकार खुली झाली आणि सव्वा लाखाहून जास्त हरणे पडली. लोक भडकले. त्या हंगामाला ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ असे नाव पडले आणि लिओपोल्ड यांना मरेपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, त्याचे बोलणे ऐकावे लागले. उपाशी पाडसे त्यांनी पाहिली होती. बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ती पाहिली नव्हती.

पुढे शेतीच्या भागात हरणे आणखी वाढली. २००० साली सगळे हंगाम मिळून सहा लाख पंधरा हजार हरणे मारली गेली. तो आजवरचा विक्रम आहे. शेतकऱ्याचे पीक, रस्त्यावरचे अपघात, जंगलात रोपेच न वाढणे, या तक्रारींवर राज्याने १९९६ मध्ये काही भागांत एक नियम आणला: आधी मादी मारून नोंदवा, मग नर मारण्याची परवानगी मिळेल. नियमाने काम केले आणि शिकाऱ्यांनी त्याचा मनस्वी राग केला. समोरून मोठा नर जातो आहे आणि आपल्याला बोट उचलता येत नाही, कारण सकाळी मादी दिसली नाही, हे त्यांना सहन होईना. २०११ मध्ये विधिमंडळाने तो नियम काढून टाकला. तोवर शिंगांचे वेडही वाढले होते. लहान नर सोडून द्यायचे, मादीवर गोळी वाया घालवायची नाही, भिंतीवर लावण्याजोगाच नर मारायचा. असा माणूस नऊ दिवसांत वीस हरणे पाहतो, एकावरही बार काढत नाही आणि ‘यंदा काही मिळालं नाही’ म्हणून घरी येतो.

हिशेबी : याला मी संयम म्हणत नाही. माझ्या साडूची दक्षिणेत शेती आहे. मक्याच्या कडेच्या दहा ओळी हरणं खातात. त्याच्या शेतात बसून, मादी सोडून, रिकाम्या हातानं येणारा शिकारी त्याच्या काय कामाचा?

हौशी : दक्षिणेत नसेल. पण आपण इथं उत्तरेत आहोत. इथं त्या एका मादीखेरीज आठवडाभर हरणाचं पाऊल दिसलं नाही.

हिशेबी : लांडग्यांनी खाल्ली.

हौशी : सगळी? चौदा सालचा हिवाळा विसरलास?

उत्तरेतल्या कॅम्पवर हरीण मिळाले नाही की दोष लांडग्यावर जातो. राज्यात लांडगे हजाराच्या आसपास आहेत आणि ते हरणे खातात, यात वाद नाही. पण कळप ठरवण्यात हिवाळ्याचा हात मोठा असतो, आणि त्याचा हिशेब राज्य चोख ठेवते. १ डिसेंबर ते ३० एप्रिल या काळात ज्या दिवशी जमिनीवर अठरा इंच किंवा जास्त बर्फ असेल त्या दिवसाचा एक गुण. तापमान शून्य फॅरनहाइटला किंवा त्याखाली, म्हणजे उणे अठरा सेल्सियसपर्यंत, उतरेल त्या दिवसाचा आणखी एक. बेरीज पन्नासच्या आत असेल तर हिवाळा सौम्य, ऐंशीच्या पुढे कडक, शंभराच्या पुढे अतिकडक. २०१३-१४ चा हिवाळा असाच गेला आणि पुढच्या हंगामात उत्तरेतल्या अनेक काउंट्यांत मादी मारण्याचे परवानेच निघाले नाहीत. दुसरे कारण रानाचे वय. तोड झाल्यावर उगवणारी कोवळी अ‍ॅस्पेनची झाडी हरणांना खायला मिळते. रान जुने झाले की पाला उंच जातो. या दोन गोष्टींवर राग काढता येत नाही, लांडग्यावर काढता येतो.

याच उत्तरेत ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांचा हक्कही आहे. १८३७ आणि १८४२ च्या करारांनी त्यांनी जमीन सोडली, पण तिथे शिकार करण्याचा हक्क राखून ठेवला. १९८३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो मान्य केला. त्यांच्यात शिकार वाटून खाण्याची रीत आहे, त्यामुळे कोणाला मिळाले आणि कोणाला नाही याला तेवढी धार येत नाही. कॅम्पवरही थोड्या प्रमाणात हेच चालते. विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार बंदुकीने गटात शिकार करताना, एकमेकांच्या नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्यात असलेले शिकारी एकमेकांच्या परवान्यावर हरीण मारू शकतात. ज्याची बंदूक नऊ दिवस वाजली नाही त्याच्याही घरी मांस जाते.

हौशी : मग तुझा फ्रीझर रिकामा राहणार नाही. थोरल्या काकांना शुक्रवारी मिळालंय, ते देतील वाटा.

हिशेबी : देतील. पण ते त्यांनी दक्षिणेच्या शेतावर मारलंय. त्याची तपासणी होऊन येईपर्यंत घरात शिजवायचं नाही, असं बायकोनं बजावलंय.

ही भीती अनाठायी नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये माउंट होरेब गावाजवळ मारलेल्या तीन हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग सापडला. तो १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला होता. प्रायॉन या विकृत प्रथिनामुळे तो होतो, त्यावर औषध नाही, आणि शिजवल्याने प्रायॉन नष्ट होत नाही. माणसाला तो झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरी रोगी हरणाचे मांस खाऊ नये, असा अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. गळ्यातल्या लसिका ग्रंथी तपासून रोग ओळखतात. त्यामुळे दक्षिणेत हरीण घेऊन घरी आलेल्या माणसाचाही हात काही दिवस अर्धा रिकामाच असतो. हिशेबीच्या ‘स्वच्छ मांसा’च्या मुद्द्याला याने मोठे खिंडार पाडले आहे, आणि ते बुजण्याची चिन्हे नाहीत.

दोघांचा वाद सोडवायचा तर नकाशा उघडावा लागतो. कडक हिवाळ्यातून उठलेल्या उत्तरेच्या रानात मादी सोडून आलेला शिकारी कळपाला मदत करतो; तिथे हौशी बरोबर आहे. दक्षिणेच्या मक्याच्या शेतावरून भिंतीजोग्या नराच्या आशेने माद्या सोडून आलेला शिकारी काम अर्धवट टाकून आलेला असतो. तिथे हिशेबीची तक्रार रास्त आहे, फ्रीझर रिकामा राहिला म्हणून नव्हे, तर शेतकऱ्याच्या आणि रानाच्या बाजूने. आणि ज्याने शंका असताना गोळी झाडली आणि माग सोडून दिला, त्याची बाजू दोघांपैकी कोणीही घेऊ नये.

नऊ दिवस संपले तरी न वापरलेला परवाना बाद होत नाही. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, ठासणीच्या बंदुकीचा दहा दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि तोच परवाना त्यात चालतो. डिसेंबरमध्ये बिनशिंगी हरणांसाठी आणखी चार दिवस मिळतात. दक्षिणेत साडूचे शेत असलेल्या हिशेबीने ते चार दिवस राखून ठेवावेत. मादी तिथेच मारावी, आणि तपासणीसाठी मुंडके जमा केल्याशिवाय मांस फ्रीझरमध्ये भरू नये.